झाकणाच्या आतलं टिंब

कमाल खलफे यांनी आजवर स्वतःचं नाव जितक्या ठिकाणी कोरलं, तितक्या ठिकाणी एखाद्या मंत्र्याचंही नसेल. फरक इतकाच की मंत्र्याचं नाव कोनशिलेवर असतं, येणारा-जाणारा वाचतो. कमालभाईंचं नाव घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं आणि ते कुणीच वाचत नाही.

ही रीत त्यांना त्यांच्या उस्तादांनी लावून दिली. रत्नागिरीच्या बाजारात सिराज उस्तादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दुकान कसलं, जिन्याखालचं फडताळच. तिथे पंधराव्या वर्षापासून कमालभाई हाताखाली होते. घड्याळ उघडलं, साफ केलं, तेल दिलं, जोडलं, की झाकण लावण्याआधी आत सुईनं बारीक कोरायचं: दोन अक्षरं, महिना आणि वर्ष. ते पुढच्या कारागिरासाठी. त्याला कळावं की याआधी इथे कोण बसून गेलंय. आणि आपल्याच चुकीमुळे काम परत आलं, तर त्या तारखेच्या शेजारी एक टिंब द्यायचं. उस्ताद म्हणायचे, "गिऱ्हाइकाला चार गोष्टी रंगवून सांगाव्या लागतात, धंदा हाय. झाकणाला खरां तांच सांगायचां."

कुवेतला येऊन कमालभाईंना सत्तावीस वर्षं झाली. तिथल्या सलवा नावाच्या वस्तीतल्या घड्याळांच्या दुकानात त्यांनी हजारो झाकणं उघडली आणि एकावरही टिंब दिलं नाही. एक द्यायला हवं होतं. ते घड्याळ दुकानाच्या मूळ मालकांचं, मोठ्या हज्जींचं. २०११ साली साफ करताना कमालभाईंच्या चिमट्याचा धक्का लागला आणि आतली केसासारखी स्प्रिंग वाकली. त्यांनी ती सरळ केली, पण वाकलेली स्प्रिंग आणि दुखावलेला जावई पहिल्यासारखे होत नाहीत. घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागे पडू लागलं. कमालभाई हज्जींना म्हणाले, "वय झालं हज्जी, स्प्रिंग थकली." हज्जी हसले, म्हणाले, "माझ्यासारखीच," आणि घड्याळ मनगटावर चढवून गेले. ते दरवर्षी साफ करायला यायचं, कमालभाई दरवर्षी तारीख कोरायचे आणि टिंबाची जागा मोकळी सोडायचे. चार वर्षांपूर्वी हज्जी वारले. आता ते घड्याळ त्यांचा मुलगा यूसुफ घालतो. तोच आता मालक.

यूसुफ भला माणूस, पण त्याला काळाचं भान. घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसं कमी झाली तशी त्यानं दुकानात आधी मोबाइलची कव्हरं आणली, मग वेप, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सिगारेटी, आणले. बघता बघता तीन भिंती वेपनं भरल्या. रंगीबेरंगी प्लास्टिकच्या कांड्या, कुणाला आंब्याचा वास, कुणाला कलिंगडाचा. ओढायच्या, संपल्या की फेकायच्या. दाराजवळच्या कोपऱ्यात कमालभाईंचं टेबल तेवढं राहिलं, दिवा, चिमटे आणि डोळ्याला लावायच्या भिंगासकट. त्या कांड्यांबद्दल त्यांचं मत साधं होतं: जी वस्तू उघडता येत नाही, तिला वस्तू म्हणू नये.

म्हणून त्या गुरुवारी संध्याकाळी एका माणसानं टेबलावर पितळेची एक जड नळी ठेवली तेव्हा कमालभाईंनी भिंग न काढताच विचारलं, "हे काय?"

"वेपच आहे, पण मेकॅनिकल," तो हिंदीत म्हणाला. तेवढ्यात कमालभाईंचा फोन वाजला. पलीकडे सफिया, त्यांची बायको, कोथिंबीर आणायची आठवण करून देत होती. फोन ठेवेपर्यंत समोरच्या माणसाचा चेहरा उजळला होता.

"काका, तुम्ही मराठी? अहो, मी चार महिने तुमच्या दुकानापाशी गाडी लावून पुढे चालत जातोय!"

माणसाचं नाव अजय. शहरात एका बँकेत नोकरी, राहायला बनेद अल-गारला, मूळचा पुण्याचा. सलव्याला येणं व्हायचं ते नाटकाच्या तालमीसाठी. दिवाळीनिमित्त त्यांच्या मराठी मंडळाचं नाटक पुढच्या शुक्रवारी होतं आणि इथे कुणाच्या तरी व्हिलाच्या तळघरात रोज पाच वाजता तालमी चालल्या होत्या. अजय नाटकात आजोबा होता. पहिल्या दहा मिनिटांत आजोबा मरतात आणि पुढचे दोन अंक सगळे नातेवाईक त्यांच्याभोवती बसून भांडतात.

"शेवटी मला चौघं उचलतात," अजय म्हणाला. "आणि उचललं की माझ्या खिशातून हे वाजतं. ऐका." त्यानं नळी हलवली. खुळखुळ, खुळखुळ. "काल सगळी तालीम हसून बंद पडली. दिग्दर्शन माझी बायको करतेय, चारुता. ती म्हणाली, पुन्हा वाजलं तर तुला मी खरंच मारीन."

"मग घरी ठेवा की."

"दोन अंक नुसतं पडून राहायचं, काका. मध्यंतरात दोन झुरके तरी नकोत?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; अजयची मेल्यावरही जायला तयार नव्हती. कमालभाईंना हसू आलं. खरं तर ती नळी त्यांना आवडली होती. हातात घेतल्यावर वजन लागत होतं. आटे सुरेख कापलेले होते, बोटानं फिरवले की लोण्यासारखे सुटत. आत चिप नाही, दिवा नाही, पडदा नाही. अजयनं समजावून सांगितलं: नळीत एक सेल, खाली बटण, वर तार. बटण दाबलं की सेलची वीज नळीच्या अंगातून वर जाते आणि तार तापते, संपलं. कितीतरी वर्षांनी या दुकानात कमालभाईंना आपल्या जातीची वस्तू भेटली होती.

"कधीपासून वाजते?"

"जुना सेल गेला, नवा घातला, तेव्हापासून."

कमालभाईंनी उघडून पाहिलं. नवा सेल जुन्यापेक्षा दोनेक मिलिमीटर बुटका होता. वरच्या टोपणात पितळेचा एक ठिपका होता, सेलचं डोकं टेकायला. वेपच्या चिकट मळानं तो काळाकुट्ट झाला होता. सेल आणि ठिपका यांच्यामध्ये फट, आणि त्या फटीत सेल वरखाली नाचत होता.

इथे कमालभाईंना त्यांचे अब्बा आठवले. अब्बा फजरच्या नमाजला काळोखातून मशिदीत जायचे. पायवाटेवर सापकिरडू, म्हणून हातात टॉर्च. तोही असाच खुळखुळायचा. एकदा अब्बांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, आठ घड्या घातल्या आणि सेलच्या डोक्यावर ठेवून टोपण पिळलं. आवाज बंद. ती चांदी त्या टॉर्चमध्ये सहा वर्षं होती. कोकणात घरोघरी हाच इलाज, त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

यूसुफच्या गल्ल्याजवळ गिऱ्हाइकांसाठी चॉकलेटं ठेवलेली असत. कमालभाईंनी एक सोललं, चॉकलेट अजयला दिलं, चांदीच्या आठ घड्या घातल्या, सेलच्या डोक्यावर ठेवून टोपण पिळलं. हलवलं. काही नाही. अजयनं हलवलं. काही नाही. अजयनं कानाजवळ नेऊन जोरजोरात हलवलं आणि म्हणाला, "काका, जादूगार आहात!"

एखाद्या कारागिराला जादूगार म्हणावं आणि त्याची मान दोन इंच ताठ होऊ नये, असं होत नाही. खालचं बटणाचं टोपण काढून कमालभाईंनी त्याच्या आत सुईनं कोरलं: क.ख., महिना, वर्ष. मग कोथिंबीर घेऊन घरी गेले.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नव्हती. सिराज उस्तादांचा पहिला धडा होता: आधी साफ कर, मग बघ. कमालभाईंनी तो काळा ठिपका साफ केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याची नमाज झाली आणि कमालभाई जेवायला बसले. दुकानामागच्याच गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. सफियानं पापलेटाचा सालन केला होता. इथे पापलेटाला झुबैदी म्हणतात आणि सफियाच्या मते नाव बदललं तरी कोकणातल्या पापलेटाची चव काही येत नाही. समोर लुबना, त्यांची मुलगी, इथल्याच एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवणारी. ती जन्मली इथे, वाढली इथे. बाप बोलतो कोकणी, ही उत्तर देते अर्धं इंग्रजी.

कमालभाईंनी कालची गोष्ट रंगवून सांगितली. मेलेले आजोबा, वाजणारा खिसा, अब्बांची चांदी. सफिया हसली. लुबनाचा घास हातातच राहिला.

"अब्बा, वेट. तुमी आत फॉइल घातलंव? कुठल्या साइडला?"

"वरती. डोक्यावर."

लुबना हात न धुताच उठली, कुठलासा जाहिरातीचा कागद उलटा केला आणि डाव्या हातानं सेल काढला. "बगा. हां वरचां टोक प्लस. बरोबर? आता मायनस खंय हाय?"

"खाली."

"खाली नाय. खालीपण, आणि बाजूलापण, आणि वरपण. हा पूर्ण डबा मायनस हाय, अगदी हया कडेपर्यंत. प्लसच्या बाजूला." तिनं प्लसच्या भोवती एक गोल काढला. "मधी फक्त प्लास्टिक. कागदाएवढां. त्यावर तुमी मेटल ठेवलंव. आणि वरून नळीपण मायनस."

"अब्बांच्या टॉर्चमंदी सहा वर्सां..."

"तो सेल गरीब होता, अब्बा. शॉर्ट झाला तर गरम व्हायचा, मरायचा. ह्यो लिथियम. सगळी पॉवर एकदम सोडतो. आणि हयात सर्किट नाय म्हणताव, म्हणजे थांबवायलापण कोणी नाय. क्लोज्ड ब्रास ट्यूब. तां खिशात ठेवतो ना तो?"

कमालभाईंनी कागदाकडे पाहिलं. प्लस आणि कडेच्या मधल्या त्या गोलात पेन्सिलचं टोकसुद्धा मावत नव्हतं. आणि आठ घड्यांची चांदी दाबली की पसरते, हे त्यांना लुबनानं सांगायची गरज नव्हती. त्यांनीच ती दाबली होती.

"छातीच्या खिशात," ते म्हणाले.

ताटातला मासा तसाच राहिला. सफियानं "दोन घास खाऊन जा" म्हटलं, पण म्हणतानाच तिला कळलं की ते काही खात नाहीत.

जाणार कुठे, हा प्रश्न होता. फोन नंबर नाही. समोर बसून करून दिलेल्या कामाची कमालभाई नोंद ठेवत नसत. आडनाव विचारलं नव्हतं. बँका बंद. बनेद अल-गारमध्ये इमारतींवर इमारती, त्यात किती अजय! तालीम मात्र आजही असणार होती, पाच वाजता, सलव्यातल्या कुठल्यातरी तळघरात.

लुबना गाडीची किल्ली आणायला आत गेली. तेवढ्या दोन मिनिटांत कमालभाईंच्या मनात दुसराही विचार येऊन गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. चांदी आहे आत. कदाचित सहा दिवस राहील, कदाचित सहा वर्षं. काही झालंच तर लोक म्हणतील, वेप फुटला, ते असतातच तसले. कोण उघडून बघणार? मग त्यांना आठवलं की आत त्यांचं नाव आहे. त्याहून जास्त त्यांना तो माणूस आठवला, चॉकलेट खात, नळी कानाजवळ हलवणारा. कमालभाई जिना उतरून लुबनाच्या आधी गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

सलव्यातल्या व्हिला बाहेरून सगळ्या सारख्या. लुबना गाडी हळू चालवत होती, कमालभाई काच खाली करून कान बाहेर काढून बसले होते. एका तळघरातून शिवणयंत्रांचा आवाज आला, एकातून मल्याळी भजन. तीन तास फिरले, पाच वाजून गेले. रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ टळून गेली. शेवटी लुबना म्हणाली, "अब्बा, तो तुमच्या दुकानासमोरून चालत जायचा ना? मग जवळच असेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुकानाच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत, एका व्हिलाच्या बाजूला तळघराच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या तोंडाशी पंचवीसएक चपला-बुटांचा ढीग. आतून बाईचा खणखणीत आवाज आला, "घर बाबांनी मला देऊ केलं होतं!" आणि पुरुषाचा, "पुरावा काय?"

कमालभाई पायऱ्यांवर थबकले. सत्तावीस वर्षांत ते मंडळाच्या कुठल्याच कार्यक्रमाला गेले नव्हते. कुणी या म्हटलं नव्हतं आणि यांनीही कधी चौकशी केली नव्हती. ती बँकवाली माणसं, आपण कोपऱ्यातले घड्याळजी. त्यांची मराठी पुस्तकातली, आपली खाडीकाठची. आता तिथे जाऊन पंचवीस माणसांसमोर सांगायचं की मी चुकलो. त्यांनी चपला काढल्या, ढिगाशेजारी नीट जोडून ठेवल्या आणि खाली उतरले.

मधोमध दोन टेबलं जोडून त्यावर अजय पांढऱ्या चादरीखाली मेलेला पडला होता. भोवती नातेवाईक. एका बाजूला हातात वही घेतलेली बाई उभी होती, ती चारुता असणार. तिनं वळून न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. कमालभाई थांबले नाहीत. ते भांडणाऱ्या नातेवाइकांमधून सरळ प्रेतापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, ते खिशातलं द्या. बटण दाबू नका."

प्रेत उठून बसलं. "अरे, काका! तुम्ही?"

"आधी ते द्या."

अजयनं खिशात हात घातला. "मस्त चाललंय की. दुपारपासून जरा कोमट लागतंय, पण म्हटलं खिशात आहे, अंगाची ऊब."

लुबनाचा चेहरा पांढरा पडला. कमालभाईंनी नळी घेतली, दोन बोटांत धरली, आणि धावत नाही पण कधी चालले नव्हते इतक्या झपाट्यानं पायऱ्या चढून अंगणात गेले. कुवेतात वाळूला तोटा नाही. भिंतीशी उकिडवे बसून त्यांनी टोपण फिरवलं.  आटे कालच्यासारखेच लोण्यासारखे सुटले. सेल वाळूत पडला. मागून सगळी मंडळी वर आली होती.

चांदी पसरून पापडासारखी चपटी झाली होती. तिचं एक टोक प्लसवरून निसटून कडेवर टेकलं होतं आणि त्याच्याखालचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, करपलेल्या सायीसारखं. अजून भोक पडलं नव्हतं. लुबनानं वाकून पाहिलं, दोन मुठी वाळू त्या सेलवर टाकली आणि सगळ्यांना मागे सरकवलं.

"काय झालंय नेमकं?" चारुतानं विचारलं. आवाज खणखणीत होता, पण नवऱ्याच्या दंडावर तिचा हात घट्ट होता.

कमालभाई उभे राहिले. "मी चुकलो," ते म्हणाले. "काल यांनी आणलं तेव्हा आधी साफ करून बघायला हवं होतं. मी न बघता आत चांदी घातली. ती धातूची. आज नाही तर उद्या हे त्यांच्या छातीवर फुटलं असतं. माफी असावी." एवढं बोलून त्यांनी खाली पाहिलं. पाय अनवाणी होते आणि वाळू अजून दुपारची तापलेली होती.

 मग अजयच म्हणाला, "काका, झालं तर नाही ना काही."

"नाही झालं ते तुमचं नशीब," कमालभाई म्हणाले. "माझ्याकडून झालंच होतं."

मग त्यांनी ते टोपण दुरुस्त करू द्याल का, असं विचारलं. लुबनानं कपाळाला हात लावला, पण अजयनं हो म्हटलं. तळघरात दिव्याखाली कमालभाई बसले. कुणाच्यातरी मेकअपच्या पेटीतून स्पिरिट आणि कापूस आला. त्यांनी तो काळा ठिपका पुसायला घेतला. एक बोळा, दोन बोळे, पाच बोळे. मळाखालून पिवळं पितळ वर आलं आणि त्या पितळेवर मधोमध एक बारीक आडवी खाच दिसली.

तो ठिपका नव्हताच. तो स्क्रू होता. ज्यानं ही नळी घडवली त्यानं आधीच विचार करून ठेवला होता: सेल बुटका आला तर हा खाली करा, उंच आला तर वर. कमालभाईंनी खिशातला घड्याळाचा पेचकस काढला आणि स्क्रू दोन आटे खाली आणला. सेल जोडीनं विकत मिळतात. जोडीतला दुसरा अजयच्या गाडीत होता. लुबनानं तो उजेडात सगळीकडून फिरवून पाहिला, कुठे ओरखडा नाही म्हणाली, तेव्हा आत बसवला. हलवलं. काही नाही. आणि आत सेल आणि हवा यांच्याशिवाय काही नव्हतं.

"म्हणजे हे पाच मिनिटांचं काम होतं?" अजयनं विचारलं.

"कालच."

खालचं टोपण बंद करण्याआधी कमालभाईंनी सुई काढली. कालच्या तारखेशेजारी टेकवली आणि दाबून फिरवली. चारुता वाकून बघत होती. "हे काय केलंत?"

त्यांनी उस्तादांची रीत सांगितली. नाव, तारीख, आणि चूक आपली असेल तर टिंब. सगळे ऐकत होते. "हे कुणी बघतं का पण?" एका नातेवाइकानं विचारलं. "पुढचा कारागीर," कमालभाई म्हणाले.

"आजवर किती टिंबं दिलीत?" चारुतानं विचारलं.

"हे पहिलं."

ते खरंच होतं. दिलेलं हे पहिलंच होतं. पण मंडळींना वाटलं, सत्तावीस वर्षांत एकच चूक! कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. अजय चादर खांद्यावर घेऊन सगळ्यांत जोरात वाजवत होता. चारुता म्हणाली, पुढच्या शुक्रवारी तुम्ही घरच्यांना घेऊन यायचं, पहिल्या रांगेत. लुबना बापाकडे अभिमानानं बघत होती. कमालभाईंना मात्र त्या टाळ्या गालावर बसल्यासारख्या लागल्या. त्यांना सांगायचं होतं, थांबा, तसं नाही. तोवर चारुतानं तालीम सुरू केली होती. चौघांनी अजयला उचललं, खोलीभर फिरवलं, आणि खिशातून एवढासाही आवाज आला नाही.

शनिवारी सकाळी कमालभाई वेळेआधी दुकानात गेले. यूसुफ गल्ला उघडत होता. त्याच्या मनगटावर हज्जींचं घड्याळ होतं.

"यूसुफ, वो घडी दो जरा," कमालभाई म्हणाले. दोघांचं बोलणं नेहमी हिंदीत चाले. यूसुफची हिंदी दुकानात शिकलेली.

"अभी तो दो महिना पहले साफ किया."

"साफ नहीं करना. एक बात बोलनी है."

आणि त्यांनी सांगून टाकलं. चिमटा, स्प्रिंग, दहा मिनिटं, वय झालं म्हणून सांगितलेलं खोटं. चौदा वर्षांत एवढं वाक्य जोडायला जमलं नव्हतं. आता तोंडातून निघालं तर आख्खं निघालं. बोलून झाल्यावर ते टेबलाची कड धरून उभे राहिले. नोकरी जाईल असं त्यांना वाटत नव्हतं. हज्जींची आठवण म्हणून जे घड्याळ हा मुलगा घालतो, ते आपण बिघडवलंय हे कळल्यावर तो आपल्याकडे कसा बघेल, याची त्यांना भीती होती.

यूसुफनं घड्याळाचा पट्टा सोडला. "बाबा को मालूम था, कमाल."

"क्या मालूम था?"

"तुमने खोला, उसके बाद पीछे जाता था. बाबा बुद्धू थोडी था. रोज फजर के बाद दस मिनट आगे करता था. मैं छोटा था, मैंने पूछा, कमाल को बोलो ना, ठीक करेगा. बाबा बोला, नहीं, उसको मत बोलना. उसका दिल छोटा हो जाएगा." त्यानं घड्याळ टेबलावर ठेवलं. "अब मैं करता है. रोज."

कमालभाई खाली बसले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, झाकण उघडलं आणि ते काही दिसेना. भिंगाला आतून वाफ आली होती; काढून सदऱ्याच्या टोकानं पुसावं लागलं, मग पुन्हा एकदा पुसावं लागलं. यूसुफ शटर पूर्ण वर करायला बाहेर गेला आणि बराच वेळ बाहेरच राहिला.

झाकणाच्या आत एकाखाली एक तारखा होत्या, सगळ्या त्यांच्याच हातच्या. कमालभाईंनी २०११ ची तारीख शोधली, सुई टेकवली आणि टिंब दिलं. त्याखालच्या प्रत्येक वर्षीही ते घड्याळ त्यांनी उघडलं होतं आणि गप्प बसले होते, म्हणून त्या प्रत्येक तारखेशेजारीही एकेक दिलं. मग दिवा जवळ ओढला, स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि आधी साफ करायला घेतलं.